कारागिराचा मोबदला

साहित्याच्या व्याख्यानमालेत रॉक संगीताला जागा कशासाठी, असे वाचकहो, तुम्ही विचाराल. स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन संगीतकाराने आयुष्यभर एक प्रश्न लावून धरला: दुसऱ्याच्या कलाकृतीला हात लावणाऱ्याने त्यातले किती घ्यावे? हा प्रश्न संपादकाला चुकत नाही, अनुवादकाला नाही आणि प्रकाशकाला तर नाहीच. म्हणून हा विषय.

अल्बिनीचा जन्म १९६२ सालचा, कॅलिफोर्नियातील पासाडेनाचा. वाढला मोंटाना राज्यातील मिझूला या गावी. पत्रकारिता शिकण्यासाठी तो शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला आणि पुढे शिकागोचाच झाला. १९८१ मध्ये त्याने ‘बिग ब्लॅक’ हा बँड सुरू केला. त्यात ड्रम वाजवणारा माणूस नव्हता. रोलंड कंपनीचे यंत्र ताल धरी आणि श्रेयनामावलीत ‘रोलंड’ म्हणून त्याचेही नाव छापले जाई. गिटारचा आवाज पत्रा कापल्यासारखा. पुढे ज्याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणू लागले, ते संगीत तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेर, महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांवर आणि लहान क्लबांमध्ये वाढत होते. ‘बिग ब्लॅक’ १९८७ मध्ये थांबला. १९९२ पासून अखेरपर्यंत अल्बिनी ‘शेलॅक’ या तिघांच्या बँडमध्ये वाजवत राहिला. त्यांचे अल्बम काढणाऱ्या ‘टच अँड गो’ या शिकागोच्या कंपनीचा रिवाज साधा होता: लेखी करार नाही, खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा.

त्याचे नाव जगभर झाले ते मात्र ध्वनिमुद्रक म्हणून. पिक्सीज या बँडचा ‘सर्फर रोझा’ (१९८८) आणि पी. जे. हार्वेचा ‘रिड ऑफ मी’ (१९९३) हे अल्बम त्याने ध्वनिमुद्रित केले. ‘प्रोड्यूसर’ हे बिरुद त्याला नको असे. वादक खोलीत जसे वाजवतात तसे टेपवर उतरवणे, एवढेच आपले काम, असे तो मानी.

मग ‘निर्वाना’चे बोलावणे आले. ‘नेव्हरमाइंड’ या १९९१ च्या अल्बममुळे हा बँड घराघरांत पोचला होता. काम स्वीकारण्याआधी अल्बिनीने त्यांना एक सविस्तर पत्र लिहिले. प्रोड्यूसरने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे टक्केवारी घ्यायची, ही त्या धंद्याची रीत. अल्बिनीने हिशेब मांडला: तीस लाख प्रती खपल्या तर आपल्या वाट्याला सुमारे चार लाख डॉलर येतील, आणि एवढे पैसे घेतले तर आपल्याला झोप लागणार नाही. गाणी बँडची, ऐकणारे बँडचे, तेव्हा रॉयल्टीही बँडचीच. प्लंबरला देतात तशी कामाची मजुरी एकदाच द्या, असे त्याचे म्हणणे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटात सुमारे दोन आठवड्यांत ‘इन युटेरो’ ध्वनिमुद्रित झाला. नंतर आवाजाविषयी शंका निघाल्या आणि त्यातील दोन गाण्यांचे मिश्रण दुसऱ्याकडून नव्याने करून घेण्यात आले. तरी सप्टेंबरमध्ये अल्बम बाजारात येताच अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिला आला. अल्बिनीला टक्केवारी शून्य.

त्याच वर्षी ‘बॅफलर’ या नियतकालिकात त्याने एक निबंध लिहिला. मोठ्या कंपनीशी करार केलेला एक काल्पनिक बँड घेऊन त्याने जमाखर्चच मांडला. अडीच लाख प्रती खपल्यावर कंपनीच्या हाती ७,१०,००० डॉलर, प्रोड्यूसरला ९०,०००, मॅनेजरला ५१,०००, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर व काही सेंट. शिवाय रॉयल्टीच्या खात्यावर बँड कंपनीचा १४,००० डॉलरचा कर्जदार. तरुण वादकांच्या एका पिढीने हा हिशेब वाचला.

त्याच्या चरित्रातला डागही सांगायला हवा. मधल्या काळात त्याने एका बँडला बलात्काराशी जोडलेले नाव दिले होते आणि धक्का देण्यासाठी नको ते लिहिले-बोलले होते. उतारवयात त्याने ते जाहीरपणे निषेधार्ह मानले. ज्यांना त्याची झळ बसत नव्हती अशा सुखवस्तू माणसाचे ते अज्ञान होते, हे कबूल केले. हिशेबाची वही त्याने स्वतःसमोरही उघडली, असे मला वाटते.

ज्याच्या हाताला काम भरपूर आहे त्याला असा त्याग परवडतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण १९९७ मध्ये शिकागोत उभारलेल्या ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ या आपल्या स्टुडिओत तो अनोळखी पोरांच्या बँडसाठीही ठरलेल्या रोजावर, अंगात बॉयलर सूट घालून काम करी. ७ मे २०२४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. दहाच दिवसांनी ‘शेलॅक’चा शेवटचा अल्बम बाजारात आला.

आता आपल्याकडे येऊ. ‘लेख छापला, नाव झाले, आता मानधन कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी अल्बिनीचा दाखला देऊ नये. तो रॉयल्टीच्या विरुद्ध नव्हता; जो निर्माण करतो त्यालाच ती मिळावी, एवढे त्याचे म्हणणे. आणि मदतनीसाला तो फुकट राबवू म्हणत नव्हता. प्लंबर मजुरी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. संस्थांच्या जमाखर्चात सभागृह, मंडप, हारतुरे यांचे रकाने असतात. पुढच्या अहवालात लेखकाचा, मुद्रितशोधकाचा आणि अनुवादकाचा रकाना कुठे आहे, तेवढे वाचकहो, पाहून घ्या.