चार दिवस, दोन शहरं
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मुलं शाळा-कॉलेजात होती. आता कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, आणि आपण सहा-सहा महिने तिकडे जाऊन त्यांच्या कपड्यांच्या घड्या करत बसतो. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही गाडीने फिरून आलात, तर नियोजन कसं केलंत ते सांगा. सांगतो.

माझी मुलगी अटलांटाला असते. जावयांनी पहिला प्लॅन काढला तो चार दिवसांत सव्हाना, चार्ल्स्टन, मोंटगोमेरी आणि न्यू ऑर्लिन्स! मी बँकेतल्या सवयीने कागद घेऊन अंतरं मांडली. अटलांटा ते सव्हाना सुमारे ४०० किलोमीटर, सव्हाना ते चार्ल्स्टन पावणेदोनशे, चार्ल्स्टनहून परत पाचशेच्या आसपास. एकटं न्यू ऑर्लिन्स जातानाच साडेसातशे. म्हटलं, हा हिशोब जुळत नाही. दोनच शहरं ठेवा. मोंटगोमेरी सोडताना मात्र वाईट वाटलं. रोझा पार्क्सना बसमध्ये अटक झाली, ती तिथेच, १९५५ साली.

महिना मार्च ठरला. उन्हाळ्यात तिकडे आपल्या मुंबईसारखाच घामटा. पण आम्ही नेमकी १७ तारीख धरली. त्या दिवशी सव्हानात सेंट पॅट्रिकची प्रचंड मिरवणूक असते. हॉटेलचे दर पाहून जावयांना वाटलं, वेबसाइट बिघडली! आठवडाभर पुढे ढकललं.

गाडीत दर दीड तासाने थांबायचं, हा माझा हट्ट. कारण या कट्ट्यावर सांगायला नको. पहिला थांबा मेकन. तिथे मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी रचलेल्या मातीच्या टेकड्या आहेत. पुढचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. झोप येते.

सव्हाना मात्र पायी बघायचं शहर. ऑगलथॉर्प नावाच्या माणसाने १७३३ मध्ये ते आखलं. थोडं चाललं की एक चौक, चौकात बाग, बाक, आणि ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. असे २४ चौक होते, २२ उरलेत. हिच्या गुडघ्यांना हे शहर फार मानवलं. फक्त नदीकाठी उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्यांवर शूरपणा करू नका, लिफ्ट आहे. खायला 'ग्रिट्स' मिळतात, म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवलेल्या. शाकाहारींनी पालेभाजी मागवताना आधी विचारावं, त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं.

आता चार्ल्स्टन. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा पहिला भडिमार १८६१ च्या एप्रिलमध्ये इथल्या सम्टर किल्ल्यावर झाला. किल्ला समुद्रात आहे, बोटीने जावं लागतं, तिकीट आधी काढा. आमच्यात वाद झाला तो दुसऱ्याच जागेवरून. चाल्मर्स स्ट्रीटवर गुलामांच्या लिलावाची जुनी इमारत आहे, आता संग्रहालय. १८५६ मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ते चार भिंतींआड नेले. मुलगी म्हणाली, "बाबा, अकरा वर्षांच्या मुलाला सुट्टीत हे कशाला?" मी म्हणालो, नुसत्या सुंदर हवेल्या दाखवल्या तर त्या कुणाच्या श्रमांवर उभ्या राहिल्या ते त्याला कोण सांगणार? शेवटी गेलो.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. सोनं, घरं, गोदामातला गूळ, सगळं तारण घेतलं. जाण्याआधी वाचलं होतं की त्या काळी दक्षिणेत माणसंही तारण ठेवत. बँका कर्ज देत. कर्ज थकलं की त्या माणसांचा लिलाव. आई एकीकडे, मूल दुसरीकडे. हे नातवाला सांगत होतो, तर तो म्हणाला, "आबा, तुम्ही तेव्हा त्या बँकेत असता, तर सही केली असती?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण नियमात बसतंय एवढंच बघून किती कागदांवर सह्या केल्या, ते माझं मला ठाऊक. म्हणालो, "बहुतेक केली असती रे."

तो काही बोलला नाही. बाहेर आल्यावर हिने डब्यातले बेसनाचे लाडू काढले. कठड्यावर बसून सगळ्यांनी खाल्ले. त्याने एकच खाल्ला, एरवी तीन खातो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने किल्ला केला आणि परत फिरलो. वाटेत नातू म्हणाला, पुढच्या वेळी मोंटगोमेरी, आणि प्लॅन मी करणार. आईने होकार दिलाय. हिचे गुडघे काय म्हणतात बघू.

अंतरं, हॉटेलचे दर, थांबे, सगळं एका फाइलमध्ये लावलंय. फाइल सोसायटीच्या वाचनालयात ठेवली आहे. झेरॉक्स काढून परत ठेवावी, आणि वहीत सही करावी.