देहातील जलनिर्मिती आणि तिची मर्यादा



केवळ कोरडे दाणे खाऊन, पाण्याचा थेंबही न पिता एखादा प्राणी जगू शकेल काय? उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील कांगारू उंदीर असा जगतो. क्नूट व बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा बारकाईने अभ्यास केला.

हा प्राणी पाणी आणतो कोठून? अन्नातील हायड्रोजनचा श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पेशींमध्ये पाणी तयार होते. चयापचयातून होणारी ही जलनिर्मिती सर्वच प्राण्यांत अखंड चालू असते. १०० ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ५६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम चरबीपासून सुमारे १०७ ग्रॅम पाणी मिळते. हवेतील ऑक्सिजनची भर पडत असल्याने चरबीपेक्षा पाण्याचेच वजन अधिक भरते. माणसाच्या शरीरातही दररोज सुमारे ३०० मिलिलिटर पाणी याच रीतीने निर्माण होते.

तथापि कांगारू उंदीर तगतो तो मुख्यतः काटकसरीमुळे. दिवसा तो बिळाच्या गारव्यात राहतो. त्याचे मूत्र मानवी मूत्राच्या सुमारे चौपट संहत असते. त्याच्या नाकाचा मार्ग थंड असल्याने उच्छ्वासातील बरीचशी वाफ तेथेच निवते.

उंटाच्या मदारीत पाणी साठलेले असते, हा समज मात्र चुकीचा आहे. तेथे चरबी असते. तिच्या ज्वलनासाठी अधिक श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत त्या श्वासावाटे मिळालेले पाणी निघून जाते. उंटाचा तगाव लागतो तो पाण्याचा व्यय रोखल्यामुळे.

आपल्या गाईम्हशींना ही काटकसर साधलेली नाही. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हणजे दहा लिटर दुधाबरोबर जवळजवळ नऊ लिटर पाणी शरीराबाहेर जाते. शेण, मूत्र, घाम व श्वास यांवाटे होणारा व्यय निराळाच. पेंडीसारख्या प्रथिनयुक्त खाद्यातून निर्माण होणारा युरिया बाहेर टाकण्यासही पाणी लागते. पाणी अपुरे पडले की जनावर वैरणही कमी खाते आणि दूध आटते.

म्हणून टंचाईच्या काळात कडब्याची सोय झाली म्हणजे जनावरांची सोय झाली, असे ग्रामपंचायतींनी मानू नये. चारा आणि पाणी यांचे नियोजन एकत्रच झाले पाहिजे. छावणीत पाण्याचा हौद जवळ असावा आणि जनावरांवर सावली असावी. कारण सावलीत वाचलेले पाणी हे मिळालेल्या पाण्याइतकेच मोलाचे असते. शिक्षकांनीही वर्गात कांगारू उंदराची गोष्ट सांगताना त्याच्या काटकसरीवर भर द्यावा. देहात पाणी निर्माण होते हे खरे; पण गोठ्यातील जनावराची तहान त्यावर भागत नाही.