खांद्यातली दबलेली नस

खांदा मागून खोलवर ठणकतो, हात बाहेर फिरवताना जोर लागत नाही. मानेचं दुखणं समजून महिने जातात. कधी कधी मूळ असतं सुप्रास्कॅप्युलर नसेत. फऱ्याच्या हाडातल्या अरुंद खाचेत ती दबते. व्हॉलिबॉलपटूंमध्ये हे विशेष आढळतं.

तपासताना दोन्ही फरे उघडे करून पाहायलाच हवेत. दुखऱ्या बाजूचा स्नायू वाळून खोलगट दिसू शकतो. एमआरआयमध्ये नसेवर दाब देणारी द्रवाची गाठ असल्यास दिसते, ईएमजीतून, म्हणजे स्नायूंच्या विद्युत-तपासणीतून, नसेची इजा कळते.

गाठ नसेल तर बहुधा आधी विश्रांती आणि फिजिओथेरपी. गाठीचा दाब दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतो. वाळलेला स्नायू पूर्ण भरेलच असं नाही. म्हणून नुसतं मालिश करत थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना वेळेत दाखवा.