शेवट पाहिल्यावांचून मत देऊं नये

अमरावतीहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता शहराबाहेर पडला, कीं थोड्याच वेळांत नांदगांव पेठ लागते. औद्योगिक वसाहतींतील कापडाचे कारखाने, वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि रात्रभर न तुटणारी मालमोटारींची रीघ, असें हें गांव. श्रोत्यांस प्रथम खरें वाटणार नाहीं. परंतु जपानांत तयार होणाऱ्या चित्रमालिकांचा, ज्यांस आजची तरुण मंडळी 'ॲनिमे' म्हणतात त्यांचा, एक साक्षेपी रसिक ह्याच गांवांत राहतो. कारखान्यांतील पाळी संपवून तो घरीं येतो, जेवतो, आणि मोबाइलच्या वीतभर पडद्यावर एक भाग पाहून मगच निजतो. वय पंचविशीचें, स्वतः कमावता. तेव्हां "हीं लहान पोरांचीं चित्रें" हा वडिलांचा टोमणा त्याच्या अंगवळणीं पडला आहे.

ह्या रसिकाचा एक नियम आहे. मालिका संपल्यावांचून तिजविषयीं बरें अथवा वाईट बोलावयाचें नाहीं. गांवांत सप्ताह बसला म्हणजे आधींचीं कीर्तनें कितीहि रंगलेलीं असोत, काल्याचें कीर्तन फसलें तर सप्ताहच फसला असें लोक म्हणतात. तोच न्याय येथें लावावा, असें त्याचें म्हणणें. न्याय थोडा कठोर आहे. पण दहा-दहा वर्षें चालणाऱ्या गोष्टींस तो लावून पाहण्याजोगा आहे खरा.

'अटॅक ऑन टायटन' ही त्याची अत्यंत आवडती मालिका. हाजिमे इसायामा ह्यांची मूळ चित्रकथा २००९ पासून २०२१ पर्यंत मासिकांतून क्रमशः निघाली. तिजवरील मालिका २०१३ च्या एप्रिलांत सुरू होऊन २०२३ च्या नोव्हेंबरांत संपली. उंच तटांच्या आंत कोंडलेलीं माणसें, आणि बाहेर माणसें खाणारे अजस्र देहाचे राक्षस, अशी ती सुरू होते. पुढें कळतें, कीं तटांपलीकडे, समुद्रापार, आपल्यासारखींच माणसें आहेत, आणि तीं आपणांसच राक्षस समजतात. ज्या एरेनच्या सूडाकडे प्रेक्षक सहानुभूतीनें पाहत आला, तोच एरेन अखेरीस सारें जग पायदळीं तुडविण्यास निघतो. मानवजातीपैकीं शेंकडा ऐशीं माणसें मरतात, आणि त्यास थांबविण्यासाठीं त्याच्याच जिवलगांना त्यास मारावें लागतें.

चित्रकथेच्या शेवटच्या प्रकरणांत आर्मिन हा एरेनचा बालमित्र, तूं आमच्याकरितां संहारक झालास अशा आशयाचे शब्द काढून त्याचे आभार मानतो. त्यावर पुष्कळ वाचक खवळले. नांदगांवचा रसिकहि खवळला. मालिका होतांना मात्र हा संवाद मूळ लेखकाच्याच सहभागानें बदलण्यांत आला. आतां आर्मिन म्हणतो, कीं ह्या पापांत माझाहि वांटा आहे. नरक असलाच, तर तेथें आपण दोघे बरोबर असूं. बदल चार-दोन वाक्यांचा. पण रसिकाच्या मतें दहा वर्षांची मालिका त्या चार वाक्यांनीं वांचली. ज्याच्या भल्यासाठीं हत्या झाली त्यानें आभार मानून मोकळें व्हावें, हें त्यास सोसत नव्हतें. हें मत हंसण्यावारीं नेण्यासारखें नाहीं. भारतीय युद्धानंतर धर्मराजास राज्य गोड लागलें नाहीं. लागतें, तर महाभारत ही भाऊबंदकीची एक मोठी हकीकत होऊन राहिली असती.

एक तक्रार मात्र तो राखून ठेवतो. 'अंतिम पर्व' म्हणून जें २०२० च्या डिसेंबरांत सुरू झालें, तें तुकड्या-तुकड्यांनीं जवळजवळ तीन वर्षें पुरलें. पाहुण्यानें "निघतों" म्हणावें आणि उंबरठ्यावर तासभर बोलत राहावें, तशांतला हा प्रकार.

२०१६ मध्यें सुरू झालेली 'माय हिरो अकॅडेमिया' २०२५ च्या अखेरीस संपली. बहुतेक सर्वांस जन्मतःच कांहीं अद्भुत शक्ति लाभते अशा जगांत शक्तीवांचून जन्मलेल्या इझुकु मिदोरियाची ही कथा. दुसऱ्याकडून मिळालेली शक्ति तो लोकांच्या रक्षणांत खर्च करून टाकतो आणि शाळेंत शिक्षक होतो. येथेंच थांबावयास हवें होतें, असें रसिकाचें ठाम मत. कारण आठ वर्षांनंतर त्याचे मित्र त्यास एक यांत्रिक पोशाख भेट देतात आणि तो पुन्हां वीर होतो. मास्तरकी म्हणजे काय शिक्षा होती, कीं तींतून सुटका करावी? ह्यावर घरांतच मतभेद आहे. धाकटी बहीण म्हणते, "दादा, आठ वर्सं त्याईनं त्याले इसरलं नाई, हे काई कमी हाय काय?" ह्या प्रश्नास दादाजवळ अद्याप उत्तर नाहीं.

'फ्रीरेन' ही त्याच्या नियमांत न बसणारी मालिका. २०२३ च्या सप्टेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत तिच्या पहिल्या पर्वाचे २८ भाग झाले. इतर गोष्टी जेथें संपतात तेथें ही सुरू होते: राक्षसांचा राजा मेला आहे, वीर गांवोगांव मिरवून परतले आहेत. हजारों वर्षें जगणारी फ्रीरेन पन्नास वर्षांनीं परत येते, तों तिचा सोबती हिमेल म्हातारा झालेला; तो मरतो, आणि दहा वर्षें बरोबर हिंडून आपण त्यास नीट ओळखून घेतलें नाहीं, हें तिला त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं उमगतें. उत्तरार्धांतील जादूगारांची परीक्षा फार लांबली आहे, हें रसिक मोकळेपणीं मान्य करतो. आणि तरीहि ह्या न संपलेल्या गोष्टीस पहिला मान देतो.

ती पाहून झाल्यावर एका सुटीच्या दिवशीं त्यानें वडिलांस विचारलें, कीं तुम्ही तरुणपणीं काय पाहत होतां? उत्तर आलें, "मोगली." १९९३ सालीं रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर हिंदींतून लागणारी 'जंगल बुक' जपानांतच १९८९ मध्यें तयार झाली होती, हें वडिलांस ठाऊक नव्हतें. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या शिवनीच्या रानाची गोष्ट. ती किप्लिंगनें इंग्रजींत लिहिली, जपान्यांनीं चितारली, आणि वऱ्हाडांत पोंचली तेव्हां तिच्यांतला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजांत बोलत होता. वडील त्या वेळीं वीस वर्षांचे. शेजाऱ्यांच्या ओसरीवर मुलांच्या मागें उभें राहून तेहि पाहत. त्याहून चांगली मालिका झाली नाहीं, असें त्यांनीं सांगून टाकलें. तिचा शेवटचा भाग मात्र त्यांनीं पाहिलेला नाहीं. त्या सकाळीं वीज गेली होती.

नियमाप्रमाणें मग वडिलांस मत देण्याचा अधिकार नाहीं, हें मुलानें दाखवून दिलें. ५२ वा भाग शोधून त्यानें मोबाइल पुढें धरला आणि शेवटीं काय होतें तें सांगूं लागला.

"सांगू नको," वडील चष्मा पुसत म्हणाले, "पाहू दे."