हुजुरांचा हुकूम आणि कायद्याचा हक्क



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथमाहात्म्य ऐकण्याची आपली अपेक्षा असणार. मी मात्र थोडे कारभाराविषयी बोलणार आहे. नळाचे पाणी, शाळा आणि पुस्तक सामान्यांच्या दारी कोणाच्या निर्णयाने येतात आणि कोणाच्या जिवावर टिकतात, हा माझा विषय.

१८९२ मध्ये आजव्याचे पाणी बडोद्यात आले. पुढच्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी याच दिशेचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. सरहद्द ओलांडली की मुलाचे भाग्य बदलावे, ही राज्यकर्त्याच्या इच्छेची किमया.

ग्रंथालयांची कथा याहून उद्बोधक आहे. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. परंतु मला मोलाचा वाटतो तो वर्गणीचा नियम. गावाने ठरावीक रक्कम उभी केली, की तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावयाची. मोतीभाई अमीनांसारखा शिक्षक आधीपासूनच वाचनालयांसाठी झटत होता, म्हणून हा नियम कागदावरच राहिला नाही. ज्याने पदरचे चार पैसे घातले, तो पुस्तकांचा जाब विचारतोच.

मात्र हे सारे चालले ते हुजुरांच्या मर्जीवर. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती मर्जी संपली. मद्रासने १९४८ मध्येच कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला होता. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, पण उपकर वगळला. गुजरातेत कायदा येण्यास २००१ साल उजाडले, तोही उपकराविना. उपकर नसला की ग्रंथपाल अनुदानाच्या फाइलीमागे धावतो. (ते वेळेवर आले, तर हिशेबात काही चुकले की काय अशी त्याला शंका येते!)

आपण येथील मराठी माणसे मतांच्या हिशेबात थोडी. राजाश्रयाच्या आठवणींनी कपाटे भरत नाहीत. तेव्हा सत्कारांच्या यादीबरोबर एक ठरावही व्हावा. राज्याच्या कायद्यात उपकराची तरतूद व्हावी आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या ग्रंथालयांचा वाटा त्यात नियमाने ठरावा. मसुदा मी कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. सभासदांनी तो वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात.