या आठवड्यात काय शिकलास?

भिवंडीतल्या टेमघरच्या पालकांनो, तुमचं मूल पहिली-दुसरीत असेल, तर या आठवड्यात वर्गात काय झालं, हे त्यालाच विचारा. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं ध्येय स्पष्ट आहे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशेब जमावेत. यंत्रमागांच्या भिवंडीत कित्येक घरांत उर्दू, तेलुगू, हिंदी बोलतात. अशा घरांतली मुलं मराठी शाळेत आली, की त्यांना अक्षरांआधी भरपूर गप्पा, गाणी, गोष्टी मिळायलाच हव्यात. शाळेतल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमातले खेळ, योगासनं हाही अभ्यासच! रोज दहा मिनिटं काढा, पाठ्यपुस्तकाचं एक पान मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या.