तेल चेंबरमध्येच असते

श्रोतेहो, डोंगरातल्या उभ्या चढावर इंजिन जाम झाले की पहिला प्रश्न येतो, ‘तेल कमी होते का?’ गाडी सपाटीवर आणून डिपस्टिक पाहावी, तर तेल खुणेपर्यंत! मग दोष तेलाच्या ग्रेडवर, नाहीतर पंपावर जातो. माझे म्हणणे असे की, अशा बहुतेक वेळी तेल पुरेसे असते, पण पंपाच्या तोंडाशी नसते. त्यामुळे या दुखण्यावरचा इलाज तेलाच्या डब्यात सापडणार नाही. इंजिनाखालच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरचा आकार आणि तिरक्या गाडीचे इंजिन आपण किती वेळ चालू ठेवतो, या दोन गोष्टींकडे पाहावे लागेल.

परातीत पाणी घेऊन एक कड उचला. पाणी दुसऱ्या कडेला जाते आणि उचललेली बाजू कोरडी पडते. चेंबरचेही तसेच होते. ते 40 सेंटिमीटर लांब आणि चढ 30 अंशांचा धरला, तर त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा 20 सेंटिमीटर वर जाते. आत तेलाची खोली मात्र दहा सेंटिमीटरच्या आसपास. तेल ओढणारी जाळी वरच्या टोकाला असेल, तर ती उघडी पडून पंप हवा ओढू लागतो. जाळी मागच्या अंगाला असलेली गाडी चढ निभावून नेते आणि तीच उभ्या उतारावर अडचणीत येते. कुशीवर कललेल्या गाडीलाही हाच धोका. आपल्या घाटरस्त्यांवर ही भीती नाही. तिथला चढ सहसा पाच अंशही भरत नाही.

क्रँकच्या मेन आणि बिग एंड बेअरिंगांत गोळ्या नसतात, मऊ धातूच्या गुळगुळीत वाट्या असतात. फिरती क्रँक या वाट्यांना टेकत नाही. केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर ती तरंगते. पंपातून तेलाऐवजी हवा आली की हा थर तुटतो, धातूला धातू घासतो, वाटी तापते, ओरबाडली जाते आणि इंजिन ठोके देऊ लागते. एकदा ओरबाडलेली वाटी नंतर कितीही तेल मिळाले तरी पूर्ववत होत नाही. त्यातच चढावर जोरात रेस दिली, तर पंप हेडकडे जास्त तेल चढवतो, कललेल्या इंजिनातून ते सावकाश परतते आणि चेंबरमधला साठा आणखी घटतो.

यावर कोणी म्हणेल, लाल दिवा आहे ना! आहे, पण दाब पडल्यावर तो लागतो. जाळी उघडी पडणार हे त्याला आधी कळत नाही. दुसरे म्हणतील, लिटरभर तेल जास्त घाला. खुणेपर्यंत भरणे आवश्यकच आहे. त्याच्या फार वर गेलात तर फिरती क्रँक तेलात आपटून फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. खरा उपाय चेंबरच्या आतल्या आडव्या पट्ट्या आणि खोल खड्डा. तेल जाळीपाशी अडवून धरणे हे त्यांचे काम. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनात तर जाळी तरंगत्या फ्लोटला जोडलेली होती, तेलाच्या पातळीबरोबर वरखाली होणारी. डोंगरात जाणाऱ्या गाडीचा हा प्रश्न तेव्हाच्या अभियंत्यांनी चेंबरच्या आत सोडवायला घेतला होता, हे ध्यानात घ्यावे.

सर्वात वजनदार आक्षेप असा की चढावर इंजिन बंद केले तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. हा आक्षेप खरा आहे, आणि माणसाचा जीव बेअरिंगपेक्षा मोलाचा. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: गाडी अडकली की पाय ब्रेकवरच ठेवून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, सोबत्याने चाकांना दगड लावावेत, आणि मगच चावी फिरवावी. गाडी ओढायचा दोर बांधेपर्यंत आणि वाटेची चर्चा संपेपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवायची जी सवय पडली आहे, तीच मला सर्वात घातक वाटते. कारण चढ पार करायला काही क्षण लागतात आणि चर्चेला दहा मिनिटे. तेव्हा श्रोतेहो, वाट चढाखाली उभे राहून ठरवा, आपल्या गाडीची जाळी पुढे आहे की मागे हे मेकॅनिकला आजच विचारा, आणि दोर ताणला गेल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नका.